शिकारीचं लाकूड, मुक्काम जाफराबाद

परदेशी जाऊन आलेल्या पुणेकराने महिन्याच्या आत प्रवासवर्णन लिहिलंच पाहिजे, असा एक अलिखित कायदा आहे. तो मी मोडणार नाही. फक्त ऑस्ट्रेलियात तीन आठवडे राहून आलो असलो तरी वर्णन जाफराबादचं लिहिणार आहे. ऑस्ट्रेलियाचं आमच्या सोसायटीतल्या चौघांनी आधीच लिहून ठेवलंय आणि चौघांनाही तिथे बहुधा एकच कांगारू भेटलेलं आहे. जालना जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या जाफराबादला मात्र सोसायटीतलं कुणी गेलेलं नाही. "तिथे पाहण्यासारखं काय आहे?" असं मला तिघांनी विचारलं. चौथ्याने जाफराबाद गुजरातेत असल्याचं भूगोलाच्या निवृत्त शिक्षकाला, म्हणजे मला, समजावून सांगितलं.

जाण्याचं कारण माझ्या लांबड्या पिशवीत होतं. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांची शिकारीची दोन लाकडी हत्यारं, आपण ज्यांना बूमरँग म्हणतो ती.

पहिलं मी स्वतः निवडलेलं. विमानतळावरच्या दुकानातून, विमान सुटायच्या आधीच्या अर्ध्या तासात, म्हणजे माणसाची पारख सर्वांत तल्लख असते तेव्हा. चकचकीत, अंगभर पांढरे-पिवळे ठिपके, मधोमध रंगवलेला सरडा, आणि हे अस्सल असल्याचं सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्र मी घरी येताच फ्रेम करून घेतलं.

दुसरं मुलीने दिलेलं. माझी मुलगी मृणाल तिकडच्या वाळवंटातल्या एका लहानशा गावात नर्स आहे. सिडनीत नाही, मेलबर्नला नाही, जिथे गणपती बसतो अशा कुठल्याही गावात नाही. लोकांना सांगायला सोपं जाईल असं एकही गाव तिने निवडलं नाही, याचा राग मी पाच वर्षं नीट जपून ठेवला होता. तिच्या दवाखान्यात एक म्हातारा पेशंट येतो, तो जुन्या पद्धतीची शिकारीची हत्यारं कोरतो. "बाबा, त्याला भेटायला चला," असं ती दोनदा म्हणाली. पण त्याच दिवशी तो प्रसिद्ध लाल खडक दाखवणारी टूरिस्ट बस होती. मी बस पकडली. निघायच्या दिवशी मी बॅग वजनकाट्याला लटकवून घाम गाळत असताना ती हे लाकूड घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, हे त्याने तुमच्यासाठी केलंय. याचं असं आहे की..."

"कळलं, कळलं," मी म्हणालो. "आधी वजन बघू दे."

तर हे दुसरं लाकूड. तपकिरी, ना रंग ना ठिपका, एक हात लांब तर दुसरा आखूड, अंगावर बारीक लांब चऱ्या आणि आखूड टोक भाजल्यासारखं काळं. कुणीतरी चुलीतून ओढून काढल्यासारखं. ज्या झाडाचं ते लाकूड, त्याला तिकडे मुल्गा म्हणतात. हे कळल्यावर मी जो विनोद केला तो मृणालच्या सांगण्यावरून इथे देत नाही.

पुण्यात आल्यावर टेकडीवर जाऊन मी ते फेकून पाहिलं. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, त्यात दाखवल्याप्रमाणे उजव्या हातात धरलं, पाय मागे घेतला आणि फेकलं. दहा पावलांवर ते मातीत तोंड खुपसून पडलं. पाच वेळा फेकलं, पाचही वेळा तेच. सहाव्या वेळी एका सद्गृहस्थांच्या कुत्र्याने पळवलं. मी मृणालला फोन करून सांगितलं, "तुझ्या म्हाताऱ्याचं लाकूड बिघडलेलं आहे."

"कसं फेकलंत?" तिने विचारलं.

"कसं म्हणजे? हाताने."

"हे जाफराबादच्या साळवेच्या शाळेला देऊन टाकतो," असं मी म्हणालो, तेव्हा ती इतकंच म्हणाली, "द्या. तिथे मुलं तरी हाताळतील."

वामन साळवे माझा बी.एड.चा वर्गमित्र. जाफराबादच्या शाळेतून निवृत्त होऊन त्याला काही वर्षं झाली, पण शाळेतली एक खोली त्याने अजून सोडलेली नाही. तिथे तो शेतीची बाद झालेली हत्यारं गोळा करतो. मी फोन केल्यावर त्याने शनिवारचा कार्यक्रमच ठरवला. साधं लाकूड शाळेला अर्पण, ठिपक्यांचं फक्त दाखवायला, वर माझं भाषण. बॅनर छापायला टाकलाय, असंही म्हणाला. बॅनर छापायला गेल्यावर महाराष्ट्रात माघार घेता येत नाही.

गुरुवार : शहागड

साळवेने सुचवलेली बस शहागडवरून अंबडमार्गे जालन्याला जाणारी होती. "आरामात येशील," असं तो म्हणाला होता. आराम पाथर्डीपर्यंत टिकला. पुढे रस्त्याने आपले विचार मांडायला सुरुवात केली.

गोदावरीचा पूल ओलांडल्यावर शहागडला बस थांबली. हमरस्त्यावरचं गाव, दोन्ही बाजूंना ट्रकांची रांग, टायरवाले, चहावाले, केळीवाले. मी उतरून गरम भजी खाल्ली. आमच्याकडे भज्यांबरोबर चटणी देतात. इथे मीठ लावलेल्या तळलेल्या मिरच्या देतात आणि खाणाऱ्याकडे बघत उभे राहतात. मी पुण्याची लाज राखली, डोळ्यांतून मात्र गोदावरी वाहिली.

पुढे अंबडच्या अलीकडे एका गतिरोधकावर ड्रायव्हरने असा काही ब्रेक लावला की वरच्या फळीवरची माझी पिशवी उलटी झाली. दोन्ही बूमरँग खाली आली. साधं पुढच्या सीटवरच्या एका काकांच्या पायावर पडलं, ठिपक्यांचं नुसतं जमिनीवर.

काका पाय चोळत म्हणाले, "काय हो, नांगराचं रुमणं घेऊन फिरून राह्यले का?"

मी माफी मागितली आणि हे ऑस्ट्रेलियातलं शिकारीचं हत्यार आहे, असं अभिमानाने सांगितलं. सगळी बस मागे वळली.

"मंग परत येतं ना हे? आपल्या हातात?" काकांनी विचारलं. हा प्रश्न मला त्या तीन दिवसांत किती जणांनी विचारला याचा हिशेब ठेवला नाही.

"ठिपक्यांचं येतं, तसं प्रमाणपत्रात लिहिलंय. साधं येत नाही. खरं शिकारीचं परत येत नसतं, ते कांगारूच्या पायांवर मारायचं असतं."

"मंग माझ्या पायावर कामून मारलं?" काका म्हणाले. बस हसली. मी खाली वाकून लाकडं उचलली. साध्याला ओरखडाही नव्हता. ठिपक्यांचं मात्र ऐन वाकणात चिरलं होतं आणि दोन हात एका सालीवर लोंबत होते. सरड्याचं शेपूट एकीकडे, डोकं एकीकडे.

जालन्याला बस बदलून जाफराबादला पोचेपर्यंत अंधार पडला. साळवेच्या घरी "जय भीम" म्हणून चपला काढल्या. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली तीन कपाटं भरून पुस्तकं. वहिनींनी येसरची आमटी आणि ज्वारीची भाकरी वाढली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं मसाला घातलेलं पीठ, आणि ते जमवायला हात लागतो. आम्ही पुण्याला ही आमटी 'मराठवाडा महोत्सवात' रांग लावून खातो आणि तिखट आहे म्हणून तक्रार करतो. इथे तिसऱ्या वाटीला मी तक्रार विसरलो होतो.

वहिनींनी मोडलेलं बूमरँग निरखून पाहिलं. "रांगोळी मात्र छान काढली हाय, भाऊजी," त्या म्हणाल्या. दुसरं हातात घेऊन त्यांनी अंगठा चऱ्यांवरून फिरवला आणि ते पुस्तकांच्या कपाटावर, नीट जागा करून ठेवलं. ठिपक्यांचं चपलांच्या फळीवर राहिलं. मला ते खटकलं.

"शनिवारी दाखवायचं काय आता?" मी विचारलं.

"घाबरू नको," साळवे म्हणाला. "पिंपळगाव रेणुकाईला किसन मिस्तरी हाय. पेरणीच्या तिफणी बनवायचा. त्याच्या हातून सुटलेलं लाकूड मी अजून पाह्यलं न्हाई."

शुक्रवार : पिंपळगाव रेणुकाई

साळवेला आणि मला भोकरदनला जीप बदलायची होती. शेअर जीपमध्ये नऊ माणसं बसतात असं आरटीओ समजतं. आम्ही किती होतो ते सांगत नाही, पण ड्रायव्हर अर्धा बाहेर बसून चालवत होता आणि माझ्या मांडीवर ज्यांची पिशवी होती त्या बाई मला शेवटपर्यंत दिसल्या नाहीत. बाहेर कापसाची वेचणी चालली होती. सोयाबीन निघालेली रानं मोकळी पडली होती. बांधांवर बाभळी होत्या, आणि मी भूगोलाचा शिक्षक असल्यामुळे त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

किसन मिस्तरींचं घर रेणुकाईच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला टॉवेल, कानात बिडी. दोन्ही मुलं शहरात ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवतात. ट्रॅक्टर आले आणि लाकडी तिफणी, वखर सगळं गेलं. मिस्तरी आता वर्षातून चार कुऱ्हाडींना दांडे बसवतात आणि उरलेला वेळ लिंबाखाली बसतात. अंगणात वाकड्यातिकड्या फांद्यांचा ढीग होता. जळण समजून मी त्यावर टेकलो.

"सर, उठा जरा," मिस्तरी म्हणाले. "ते जळण न्हाई."

ते त्यांचे कोपरे होते. झाडाची फांदी जिथे स्वतःहून वळते, तिथूनच कापून वर्षानुवर्षं सावलीत वाळवलेली बाभळीची लाकडं. नांगराला, वखराला जिथे वाकण लागतं तिथे ती जायची. आता कुणी मागत नाही, पण वळलेली फांदी दिसली की त्यांना सोडवत नाही. घरची मंडळी दर होळीला त्या ढिगाकडे बघतात आणि मिस्तरी त्या दिवशी घर सोडत नाहीत.

मी ठिपक्यांचं बूमरँग पुढे केलं. सोबत फ्रेममधलं प्रमाणपत्रही आणलं होतं, म्हणजे काम जबाबदारीचं आहे हे त्यांना कळावं. मिस्तरींनी चिरेत नख घातलं, वास घेतला आणि ते माझ्याकडे परत दिलं.

"खोक्याचं लाकूड हाय," ते म्हणाले.

"काय?"

"मशिनी येत्यात ना खोक्यात बांधून, तसलं. सरळ फळी घेतली, वाकडी कापली अन् रंग मारला. ह्या शिरा बघा. वाकणात सगळ्या तुटल्यात. जोडून देतो म्हणाल तर देतो, पर परत तिथंच तुटंल. खर्चा कामून करता?"

मी प्रमाणपत्र दाखवलं. त्यांनी ते आदराने दोन्ही हातांत घेतलं. "ह्याची चौकट सागाची हाय," म्हणाले. "ही जपा."

साळवे देवळाच्या कळसाकडे बघायला लागला. मित्र असावा तर असा. त्याचे खांदे हलत होते.

मग मिस्तरींचं लक्ष दुसऱ्याकडे गेलं. ते मी पिशवीतून काढलंही नव्हतं, नुसतं टोक बाहेर आलं होतं. त्यांनी ते ओढून घेतलं. बोटाने ठोकलं, थुंकी लावून पुसलं, उन्हात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिरा पाहिल्या.

"बाभळीच्या भावकीतलं हाय," ते म्हणाले.

हे खरं आहे. ते झाड आणि आपली बाभूळ एकाच कुळातली. भूगोलात चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाला ते माहीत असतं, फक्त त्याच्या लक्षात येत नाही.

"हे कोपऱ्यातून काढलंय. झाड जसं वळलं तसं हे वळलंय. एक शीर तुटली न्हाई बघा. ह्यानं लाकूड कापलं न्हाई, झाडावर हुडकलंय आधी. असा कोपरा लवकर घावत न्हाई, सर. ह्याच्यासाठी माणूस रानात लई फिरला असंल."

त्यांनी ते फेकायच्या पवित्र्यात उजव्या हातात धरलं आणि भुवया चढवल्या. पुन्हा धरलं. आखूड टोकाला चऱ्यांच्या खाली एक उथळ खोबण होती, तिच्यात त्यांचा अंगठा काही बसेना. मग त्यांनी हात बदलला. डाव्या हातात ते असं बसलं की आम्ही दोघेही पुढे वाकलो.

"डावऱ्या माणसाचं हाय हे," मिस्तरी म्हणाले. "खालची सपाट बाजू बघा, अंगठा बघा. डावऱ्या बाईचं खुरपं आमी असंच उलटं करून द्यायचो. माणसाचा हात बघितल्याबिगर हत्यार व्हत न्हाई. तुमच्या घरात डावरं कोन हाय?"

"घरात कुणी..." मी म्हणालो आणि थांबलो.

साळवे माझ्याकडे बघत होता. आता त्याचे खांदे हलत नव्हते. "अरे पाठक," तो म्हणाला, "होस्टेलच्या मागची बोरं तू कोणत्या हातानं पाडायचास?"

तिसरीत आमच्या गुरुजींनी लाकडी पट्टीने माझा डावा हात बंद केला. जेवण, लिहिणं, नमस्कार, सगळं उजव्याने. साठ वर्षांत मला स्वतःलाही विसर पडला. फक्त दगड फेकायला हात तोच राहिला. मृणाल लहान असताना पानशेतच्या पाण्यावर चपटे खडे उड्या मारत जातील असे फेकायला मी तिला शिकवलं होतं. ती माझ्यासमोर उभी राहून फेकायची आणि तिचा खडा बुडायचा. "बाबा, तुमचा हात उलटा आहे," असं म्हणून रडली होती. ते तिच्या लक्षात राहिलं होतं. तिकडे वाळवंटात त्या म्हाताऱ्याने विचारलं असणार, वडील कोणत्या हाताने फेकतात, आणि तिने सांगितलं असणार. आणि मी बॅगेचं वजन बघत होतो.

मला त्या अंगणात अतिशय लाज वाटली. त्याला दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही.

"शाळेला द्यायचंय म्हनं हे?" मिस्तरींनी विचारलं.

"उद्या. बॅनर छापलाय," मी म्हणालो.

"ज्याच्या हाताचं हाय त्यानं दिलं तर चालतंय," ते म्हणाले. पण ते ज्या नजरेने म्हणाले, त्यात परवानगी नव्हती.

तोडगा साळवेने काढला. ढिगातला एक कोपरा उचलून तो म्हणाला, "मिस्तरी, याच्यातून शाळेसाठी तसंच एक काढून द्या. उजव्या हाताचं. पोरांना चालंल."

मिस्तरींनी मान हलवली. "दुसऱ्या सुताराचं काम हाय. त्याला इचारल्याबिगर न्हाई करत. माझ्या बापानं कधी शेजारच्या गावच्या मिस्तरीची तिफण इचारल्याशिवाय उचलली न्हाई. मी कशाला करू?"

"अहो, तो ऑस्ट्रेलियात आहे," मी म्हणालो.

"मंग फोन लागत न्हाई का तिकडं?"

व्हिडिओ कॉल लागला. पिंपळगावात रेंज उत्तम आहे, माझ्या पुण्यातल्या हॉलपेक्षा तर फारच. मृणाल ड्युटीवर होती. मी काय बोललो ते नीट आठवत नाही. "त्या बाबांना एक विचारायचं होतं" असं काहीतरी अडखळत म्हणालो. ती म्हणाली, "ते इथेच आहेत, डायलिसिसला. आठवड्यातून तीन दिवस मशीनला बांधलेले असतात. थांबा."

पडद्यावर एक सावळा, पांढऱ्या दाढीचा म्हातारा आला. खुर्चीत, हाताला नळ्या. मिस्तरींनी टॉवेल सारखा केला आणि फोनसमोर ते लाकूड धरलं. मग ढिगातला बाभळीचा कोपरा धरला. मग आपली वाकस, लाकूड तासायची जुनी, मुठीला हाताचा आकार आलेली. म्हातारा ती बघून हसला, मोकळा हात हवेत वरखाली करून त्याने तासून दाखवलं आणि मिस्तरींनी इकडे तसंच केलं. बराच वेळ हेच चाललं होतं. मी मध्ये भाषांतर करायचा प्रयत्न केला, दोघांनाही गरज नव्हती.

मृणालने त्याला शाळेचं विचारलं. "कर म्हणतात," ती म्हणाली. "पण भिंतीवर टांगायचं नाही, मुलांनी फेकायचं." मग तो आणखी काहीतरी बोलला, ते तिने सांगितलं नाही.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"नेहमीचंच." तिने फोन स्वतःकडे वळवला. "बाबा, त्यांना आता रानात जाता येत नाही. हे शेवटचं, जे त्यांनी स्वतः झाड शोधून केलं. ते दर वेळी मला विचारतात, तुझ्या वडिलांनी फेकलं का."

"मग तू काय सांगतेस?"

"सांगते, रोज फेकतात."

मी फोन साळवेकडे दिला आणि हात धुवायला मागे गेलो. हात स्वच्छच होते.

शनिवार : शाळा

शनिवारची सकाळची शाळा. बॅनर खरोखरच छापला होता. त्यावर कांगारू होतं, ते बहुधा सोसायटीतल्या चौघांना भेटलेलंच. मुख्याध्यापकांनी माझा परिचय 'ऑस्ट्रेलियाचे गाढे अभ्यासक' असा करून दिला, आणि गाढे या शब्दाशी मी सहमत झालो.

मी भाषण केलं नाही. जे झालं ते सांगितलं. ठिपक्यांचं लाकूड दाखवून म्हणालो, हे मी निवडलं. साधं दाखवून म्हणालो, हे मला मिळालं, आणि काय मिळालंय हे मला काल पिंपळगावात कळलं, म्हणून देता येणार नाही. मुख्याध्यापक बॅनरकडे बघायला लागले. मग मिस्तरी उठले. त्यांनी धोतरावर नवा सदरा घातला होता. पिशवीतून त्यांनी रात्रीपर्यंत बसून तासलेलं बाभळीचं लाकूड काढलं, उजव्या हाताचं, पांढरट, अजून तासल्याचा ताजा वास असलेलं, आणि ते पहिल्या रांगेतल्या एका मुलीच्या हातात दिलं. टाळ्या बॅनरच्या मानाने बऱ्याच झाल्या.

माझं ठिपक्यांचं बूमरँगही वाया गेलं नाही. साळवेने ते प्रमाणपत्रासह आपल्या खोलीत लावलं आणि खाली खडूने लिहिलं, 'लाकूड असं निवडू नये.' देणगीदार म्हणून माझं नाव आहे.

मग सगळी शाळा मागच्या सोयाबीन निघालेल्या रानात गेली. "सर, तुमी फेका," मिस्तरी म्हणाले. मी लाकूड डाव्या हातात घेतलं. अंगठा खोबणीत गेला. पट्टी घेतलेले गुरुजी कुठे आहेत का, हे मी एकदा मागे वळून पाहिलं, खरंच पाहिलं, आणि फेकलं.

ते जमिनीला समांतर गेलं. कमरेएवढ्या उंचीने, फिरत, घुमत्या आवाजाने, बांधावरच्या बाभळीपर्यंत. पोरं ओरडली. मिस्तरींनी कानातली बिडी काढली. साळवेने ते सगळं मोबाइलवर टिपून मृणालला पाठवलं. तिचं उत्तर संध्याकाळी बसमध्ये आलं. फोटो होता. आपल्या घराबाहेर बसलेला म्हातारा तिचा फोन डोळ्यांजवळ धरून बघत होता.

आता पुण्यात रोज सकाळी टेकडीवर जातो. मृणालला खोटं बोलायला लावलं होतं, ते निस्तरायला दुसरा उपाय नाही. कुत्र्याचे मालक सद्गृहस्थ रोज थांबतात. परवा त्यांनीही विचारलंच, "परत येतं का हो ते?"

"नाही," मी म्हणालो. "मी आणायला जातो."